दहावा फ्रीझर

एल्फेज दुप्लांतीचं क्षमतापत्रक सव्वादोन पानांचं होतं. त्यातलं खरं तेवढं वेगळं काढलं असतं, तर ते पाव पानात पाय पसरून बसलं असतं. हे सगळ्यात आधी एल्फेजनेच कबूल केलं असतं. पण त्याला तसं कोणी विचारलं नाही, आणि न विचारता कबुली देण्याइतका तो धीट नव्हता.

लुईझियानाच्या दक्षिण टोकाला, जिथे जमीन नक्की कुठे संपते यावर दर वादळानंतर नव्याने वाद होतो, तिथल्या पेती शेन गावात तो राहायचा. वादळ गेल्यावर रस्त्यावरचा राडारोडा उचलणं हा त्याचा धंदा. मोडलेली झाडं, उडालेली छपरं, भिजलेल्या गाद्या, आत सगळं कुजलेले फ्रीज. लोक हे घरापुढे रस्त्याच्या कडेला रचून ठेवत, आणि एल्फेज आपल्या लोखंडी पंज्याच्या ट्रकने ते उचलून गावाबाहेरच्या मैदानावर नेऊन टाकत असे. दर जानेवारीत परगण्याची कचेरी ठेकेदारांकडून एक कागद मागवायची : यंदा वादळ आलं तर तुम्ही काय काय करू शकता, ते लिहून द्या. तोच हा कागद.

‘आमच्याकडे चार सुसज्ज ट्रक आहेत,’ अशी त्याची सुरुवात होती. चारांपैकी एक एल्फेजचा होता. दुसराही त्याचाच, पण तो तीन वर्षं जागचा हलला नव्हता आणि दर वसंतात त्याच्याखाली मांजर वीत असे. उरलेले दोन चुलतभावाचे होते, आणि चुलतभावाशी बोलणं बंद होतं. ‘चोवीस तास सेवा’ असंही लिहिलं होतं. एल्फेज संध्याकाळी आठला झोपायचा. ‘तीस वर्षांचा अनुभव’ हे मात्र खरं होतं. त्या तीस वर्षांत तो काय शिकला, हा रकाना सुदैवाने कचेरीने ठेवलेला नव्हता.

कागद टंकायचं काम त्याच्या बायकोचं, ऑदिलचं. चर्चचं रविवारचं पत्रक तिने सव्वीस वर्षं टंकलं होतं. तिची बोटं भरभर चालायची आणि एकदा टंकलेलं वाक्य ती कधी विसरायची नाही. एल्फेज स्वयंपाकघरात फेऱ्या मारत मजकूर सांगत होता. ‘आम्ही उचललेली प्रत्येक वस्तू कुठून आली आणि कुठे गेली, हे आम्ही एका तासात सांगू शकतो,’ या वाक्यापाशी तिची बोटं थांबली.

“हे तू सांगू शकतोस?”

“तसं लिहायचं असतं गं. सगळे लिहितात.”

“परवा दिवसभर चष्मा शोधत होतास. डोक्यावर होता.”

“चष्मा मी उचललेला नव्हता. तो आपला आपण वर गेला होता.”

ऑदिलने वाक्य टंकलं. पुढचं वाक्य फ्रीजबद्दल होतं : ‘आम्ही कोणताही फ्रीज वा फ्रीझर उघडत नाही. किमान तीन वेढे चिकटपट्टी मारून, जसाच्या तसा उचलतो.’ हे तिने न थांबता टंकलं. हे वाक्य पुढे दोघांना किती महागात पडणार आहे, हे जानेवारीत कोणाला ठाऊक असणार?

ऑगस्टच्या शेवटी वादळ आलं. सरकार वादळांना माणसांसारखी नावं देतं; या वादळाचं नाव ऑदिल अजूनही घरात घेऊ देत नाही, म्हणून इथेही ते नको. आदल्या दिवशी गाव रिकामं करायचा हुकूम निघाला. ऑदिल उत्तरेला, उंचावरच्या गावी भाचीकडे जायला निघाली; एल्फेज ट्रक घेऊन मागून बाहेर पडणार होता. गाडीत बसताना तिने काच खाली केली.

“मागच्या पडवीतल्या फ्रीझरला हात लावू नकोस. बंद राहिला तर तीन दिवस गार राहतो.”

“मी फ्रीज उघडत नाही,” एल्फेज म्हणाला. “ते लेखी आहे.”

वादळ एका रात्रीत गेलं. घरात पाणी आलं नाही, छपराचा एक कोपरा तेवढा शेजारच्या अंगणात जाऊन पडला. पण विजेचे खांब मैलोन्‌मैल आडवे झाले होते. ठेकेदारांना गावात शिरायचा परवाना असतो, त्यामुळे एल्फेज तिसऱ्या दिवशीच परतला आणि कामाला लागला. ऑदिलला यायला मनाई होती आणि फोन लागत नव्हते.

आता मैदानाची शिस्त सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. कुठूनही माल उचलला की जागेवर उभा असलेला सरकारी देखरेखीचा माणूस एक चिठ्ठी फाडतो : कोणता ट्रक, कोणता रस्ता, काय माल. मैदानाच्या तोंडाशी लाकडी मचाण असतं. मचाणावरचा माणूस वरून ट्रकमध्ये डोकावतो, चिठ्ठी ताडून पाहतो आणि ट्रक किती टक्के भरला आहे ते त्यावर लिहितो. पेती शेनच्या मचाणावर अर्नेस्टीनबाई होत्या.

अर्नेस्टीनबाईंनी सदतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. निम्म्या परगण्याने, एल्फेजसकट, त्यांच्या हातून कमी गुण घेतले होते. निवृत्तीनंतर त्यांनी हे काम धरलं, आणि गुण देण्याची पद्धत बदलली नाही. एल्फेजचा ट्रक काठोकाठ भरून, वर फांद्यांचा डोंगर घेऊन आला, तरी बाई चष्मा खाली ओढून पाहायच्या आणि म्हणायच्या, “पासष्ट.”

“बाई, जरा वाढवा की. वर तर अख्खं झाड आहे.”

“झाडाच्या खाली हवा आहे, एल्फेज. हवेला गुण नसतात.”

“मागच्याला ऐंशी दिलेत.”

“मागच्याने नीट रचलं होतं.”

बाईंकडे सरकारी यंत्र होतं, तरी शेजारी एक निळी वहीसुद्धा असायची. यंत्रात नोंदवायच्या गोष्टी यंत्रात, आणि यंत्राला न कळणाऱ्या गोष्टी वहीत.

तर, वादळानंतरचा नववा दिवस, बुधवार. तोवर एल्फेज रोज रात्री पडवीतल्या त्या आडव्या फ्रीझरच्या वासात झोपत होता. आत काय काय होतं याची त्याला साधारण कल्पना होती, कारण वरचं सगळं त्यानेच भरलं होतं : पंचवीस-तीस किलो कोळंबी, खेकडे, हरणाचं मांस, आणि एक टर्की, जी सहा वर्षं दर नाताळाला कापायची राहून गेली होती. वीज येण्याचं नाव नव्हतं. ऑदिल कधीही परतेल असं लोक म्हणत होते. एल्फेजला वाटलं, ती येण्याआधी ही घाण घराबाहेर काढावी, पडवी धुवावी. बेचाळीस वर्षांच्या संसारात बायकोला न सांगता एखादी चांगली गोष्ट करण्याचे त्याचे जे मोजके प्रयत्न होते, त्यांतला हा सगळ्यात मोठा.

त्याने फ्रीझर उघडला नाही. पत्रकात तीन वेढे लिहिले होते. त्याने अकरा मारले. मग रंगाचा डबा घेतला. या भागात वादळानंतर लोक रस्त्यावर काढलेल्या फ्रीजवर काहीबाही लिहून ठेवतात. कोणाला सरकारवर राग काढायचा असतो, कोणाला नुसतं हसायचं असतं. एल्फेजने बराच विचार करून लिहिलं : ‘आत मेव्हणा झोपला आहे. उठवू नये.’ हे त्याचं त्यालाच इतकं आवडलं की दोन पावलं मागे जाऊन त्याने ते पुन्हा वाचलं.

अडचण एकच होती. ठेकेदाराला स्वतःच्या घरचा माल स्वतः उचलायची परवानगी नाही. कचेरीला अर्ज करायचा, मग देखरेखीचा माणूस येणार, मग दुसरा ठेकेदार येऊन उचलणार. आठ दिवस सहज गेले असते. शिवाय दुसरा ठेकेदार म्हणजे चुलतभाऊ. एल्फेजने त्या दुपारी शेजारच्या गल्लीतून नऊ फ्रीज उचलले, नऊची चिठ्ठी घेतली, मैदानाकडे जाताना ट्रक आपल्या घराच्या मागे वळवला आणि पंज्याने दहावा वर ठेवला. मचाणाखाली त्याने शीळ घातली. बाईंनी वाकून पाहिलं, जरा जास्त वेळ पाहिलं, आणि म्हणाल्या, “जा.” टक्क्यांवरून त्या दिवशी तो भांडला नाही. यावरूनच बाईंना संशय यायला हवा होता, असं तो पुढे म्हणायचा.

घरी येऊन त्याने पडवी तीनदा धुतली. फ्रीझरच्या जागी वादळात वाचलेली जिरेनियमची कुंडी आणून ठेवली. मग ती अर्धा वीत डावीकडे सरकवली.

शनिवारी सकाळी दहाला ऑदिल परतली. तिने छपराचा कोपरा पाहिला. स्वयंपाकघर पाहिलं. मग पडवीत आली आणि कुंडीसमोर उभी राहिली.

“छान दिसते ना?” एल्फेज म्हणाला.

“फ्रीझर कुठे आहे?”

“नेला. वासाचा मागमूस नाही बघ. तीनदा धुतली.”

“मी म्हणाले होते हात लावू नको.”

“उघडला नाही गं. तसाच्या तसा उचलला.”

ऑदिल कुंडीशेजारच्या खुर्चीवर बसली. हातातली पिशवी तिने खाली ठेवली नाही.

“तळाला डाव्या कोपऱ्यात बरणी होती,” ती म्हणाली. “घेवड्याचं बी.”

एल्फेजला तो घेवडा माहीत होता, म्हणजे ताटात माहीत होता. पांढऱ्यावर लालसर ठिपके, शिजल्यावर लोण्यासारखा. ऑदिलच्या आईच्या आईने तो बायूच्या, म्हणजे गावातल्या संथ खाडीच्या, काठी पहिल्यांदा लावला, तेव्हापासून दर साली त्यातलं बी राखून पुढच्या साली पेरायचं, असं सत्तर-ऐंशी वर्षं चाललेलं. कीड लागू नये म्हणून बी काचेच्या बरणीत घालून फ्रीझरच्या तळाशी ठेवलेलं. बेचाळीस वर्षांत एल्फेजचा हात त्या फ्रीझरमध्ये कधी टर्कीच्या खाली गेला नव्हता.

“तुझ्या बहिणीकडे असेल ना?” तो म्हणाला. “रोझेलकडे?”

“रोझेलचं बी मागच्या वादळात बुडालं. तिला या वर्षी मी देणार होते. दुसरं कुठेही नाही, फेज. होतं ते सगळं त्या बरणीत होतं.”

ती रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती रडली नाही. तिने पिशवी खाली ठेवली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि एखादं टंकलेलं वाक्य वाचून दाखवावं तशी म्हणाली, “आम्ही उचललेली प्रत्येक वस्तू कुठून आली आणि कुठे गेली, हे आम्ही एका तासात सांगू शकतो.”

“अगं, ते कचेरीसाठी—”

“दहा वाजून वीस मिनिटं झालीत.”

ट्रकमध्ये ती त्याच्या शेजारी बसली. वाटेत एल्फेजला पहिल्यांदा पूर्ण कळलं की त्याने काय केलंय. बाकी नऊ फ्रीजची चिठ्ठी होती. कोणी विचारलं असतं तर त्यातला प्रत्येक फ्रीज कोणत्या रांगेत आहे, हे अर्ध्या तासात सापडलं असतं. तीस वर्षांत त्याने चिठ्ठीशिवाय नेलेली वस्तू एकच, आणि ती नेमकी ही.

पांढऱ्या मालाच्या आवाराचा मुकादम क्लोव्हिस. तो ऑदिलचा धाकटा भाऊ, म्हणजे एल्फेजचा मेव्हणा. पांढरा माल म्हणजे फ्रीज, फ्रीझर, कपडे धुण्याची यंत्रं. तोंडाला फडकं आणि गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून तो फाटकात उभा होता. त्याच्या मागे नऊशेहून जास्त पांढरी खोकी रांगेने मांडली होती. दूरवर चार माणसं लांब दांड्याच्या फावड्यांनी एकेक खोकं रिकामं करत होती. आतला कुजका माल मोठ्या पिंपात, मग खोकं धुवायचं, मग गॅस काढणारा येणार, मग सोमवारी चेपणारं यंत्र.

“किती झाले?” एल्फेजने विचारलं.

“चार रांगा. पाचवी आत्ता घेतली.” मग बहिणीकडे पाहून क्लोव्हिस म्हणाला, “आलीस होय ताई? घर ठीक आहे ना?”

“घर ठीक आहे. घरातला माणूस बघ जरा.”

तिने दोन वाक्यांत सांगितलं. क्लोव्हिसने फडकं खाली केलं.

“आईचा घेवडा?”

“हो.”

क्लोव्हिसने एल्फेजकडे अशा नजरेने पाहिलं, जशी त्याने बहिणीच्या लग्नाच्या दिवसानंतर वापरली नव्हती. “कधी आणलास? कोणती चिठ्ठी?”

“बुधवारी. चिठ्ठी… तशी नाही.”

“मग माझ्याकडे कसला हिशोब? रांगा वेळेप्रमाणे लावल्यात. चिठ्ठी असेल तर सांगतो, नसेल तर हे बघ.” त्याने हात पसरून सगळं मैदान दाखवलं. “पिंपं दुपारी जळायला जातात. पहिल्या चार रांगांतली गेलीसुद्धा.”

एल्फेज मचाणाकडे चालू लागला. चालताना त्याला आठवलं की सव्वादोन पानांत एक वाक्य असंही होतं : ‘तीस वर्षांत आमच्या नावावर एकही दोषनोंद नाही.’ तेही वाक्य अगदी खरं होतं. ते लिहिताना त्याला फारसा विचारही करावा लागला नव्हता, आणि बहुधा म्हणूनच त्याचा त्याला अभिमान होता. दोषनोंद झाली की पुढच्या वर्षी कचेरीच्या यादीत नाव तळाशी जातं; आणि तळाचे लोक वादळभर ट्रक धुवत बसतात.

मचाणाच्या शिडीपाशी तो थांबला. बाई वर पाव आणि उकडलेलं अंडं खात होत्या.

“बाई, एक विचारायचं होतं.”

“विचार.”

“बुधवारी दुपारी माझा ट्रक आला होता.”

“तीन फेऱ्या. दुसरी फेरी दोन वाजून दहा मिनिटांची.” बाईंनी अंडं संपवलं, हात पुसले आणि निळी वही उघडली. “चिठ्ठीवर नऊ. ट्रकमध्ये दहा. समासात प्रश्नचिन्ह केलंय बघ. तू येऊन सांगशील म्हणून थांबले होते. तीन दिवस झाले.”

“मग तेव्हाच का नाही विचारलंत?”

“वर्गात कॉपी करणाऱ्याला मी लगेच धरत नसे. आधी बघायचे, त्याचा तो सांगतो का.” त्यांनी चष्म्यावरून खाली पाहिलं. “दहावा कोणाचा?”

एल्फेजने मागे वळून पाहिलं. ऑदिल फाटकापाशी उभी होती आणि पाचव्या रांगेकडे बघत होती. तिथे एक झाकण उघडल्याचा आवाज आला, मग दुसरं.

“माझा,” तो म्हणाला.

“माझा म्हणजे?”

“माझ्या घरचा. मी चिठ्ठीशिवाय घातला. चूक केली, बाई.”

बाईंनी एक छापील अर्ज खाली सोडला. दोषनोंदीचा. मागोमाग पेन. “पूर्ण वाक्यात लिही. आणि तारीख घाल. तू नेहमी तारीख विसरायचास.”

त्याने शिडीच्या पायरीवर कागद ठेवून पूर्ण वाक्यात लिहिलं. आयुष्यात टंकायला शेजारी ऑदिल नसताना त्याने लिहिलेला हा बहुधा सगळ्यात लांब मजकूर होता, साडेतीन ओळी. बाईंनी तो वाचला, एका शब्दाची दुरुस्ती केली आणि मग म्हणाल्या, “त्या वेळेचा माल पाचव्या रांगेत, उत्तरेच्या टोकाकडून. साधारण विसावा ते पस्तिसावा. पळ.”

एल्फेज सदुसष्ट वर्षांचा होता आणि पळण्याचा उल्लेख पत्रकात कुठेच नव्हता. तरी तो पळाला. क्लोव्हिस त्याच्या आधी पोचला आणि त्याने फावडेवाल्यांना थांबवलं. उत्तरेकडून अठरा उघडून झाले होते.

“कसा होता तुझा?” क्लोव्हिसने विचारलं. “पांढरा आणि आडवा म्हणू नकोस.”

एल्फेजने रांगेवरून नजर फिरवली.

“काही खूण? काही लिहिलं होतंस वर?”

“लिहिलं होतं,” एल्फेज पुटपुटला. “आत मेव्हणा झोपला आहे. उठवू नये.”

क्लोव्हिसने हळूच मान डोलावली आणि रांगेच्या कडेने चालू लागला. चालता चालता तो मोठ्याने वाचू लागला, आवाजात काहीही न आणता. “एकविसावा. ‘आत मेव्हणा आहे.’ चोविसावा. ‘मेव्हणा आत आहे, परत पाठवू नका.’ सव्विसावा. ‘मेव्हणा. वापरलेला.’ एकोणतिसावा. ‘आत मेव्हणा झोपला आहे.’ तुझा हा का?”

“त्याच्यापुढे ‘उठवू नये’ आहे का?”

“नाही.”

“मग नाही.”

“या गावात मेव्हणे फार झालेत,” क्लोव्हिस म्हणाला. फावडेवाल्यांपैकी एकाला फडक्याआड हसू आवरलं नाही. एल्फेजला वाटलं होतं की आपल्यासारखा विनोद परगण्यात कोणाला सुचणार नाही. तो गल्लीगल्लीत सुचला होता, आणि सव्विसाव्याचा तर त्याच्यापेक्षा बरा होता.

बत्तिसावा त्याचा निघाला. ‘उठवू नये’ होतं, शिवाय अकरा वेढे होते. दुसऱ्या कोणी तीनच्या वर मारले नव्हते.

क्लोव्हिसने सुरी पुढे केली. “तुझ्या पत्रकात काहीतरी होतं ना, फ्रीज न उघडण्याबद्दल?”

“क्लोव्हिस, दे इकडे.”

अकरा वेढे कापायला बराच वेळ लागला. प्रत्येक वेढा क्लोव्हिस मोजत होता. अकरा झाल्यावर सगळे चार पावलं मागे सरले. ऑदिल तेवढी जागची हलली नाही. एल्फेजने झाकण उचललं.

आत काय होतं ते सांगण्यात अर्थ नाही. ज्यांनी वादळ पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांचं जेवण का बिघडवायचं. एल्फेजने शर्टाची बाही खांद्यापर्यंत वर केली, डोळे मिटले आणि हात घातला. कोळंबी ओलांडली. हरीण ओलांडलं. टर्की लागली; सहा वर्षं जिला तो टाळत आला होता, तिची आता गळाभेट घ्यावी लागली. तिच्याखाली, डाव्या कोपऱ्यात, काहीतरी गुळगुळीत आणि गोल होतं.

“मिळाली?” ऑदिलने विचारलं.

त्याला बोलायला तोंड उघडणं शक्य नव्हतं. त्याने बरणी वर काढून दाखवली. झाकणावर गंज चढला होता, पण ते घट्ट होतं. आत ठिपके दिसत होते. ऑदिलने घड्याळ पाहिलं.

“अकरा वाजून सव्वीस,” ती म्हणाली. “सहा मिनिटं जास्त.”

मग त्या सगळ्या घाणीसकट तिने त्याचा दंड धरला आणि तसाच धरून ठेवला. क्लोव्हिस दुसरीकडे पाहू लागला.

पण बरणी मिळाली म्हणजे बी मिळालं असं नाही. ते सगळ्यांना कळत होतं. बारा दिवस ते बी उन्हात तापलेल्या बंद पेटीत उकडत होतं. घरी ऑदिलने बरणी बाहेरून सात वेळा धुतली, मग उघडली. बी वर्तमानपत्रावर पसरलं. कोरडं होतं, वासही नव्हता. एकशे चार दाणे. त्यातले दहा तिने डोळे मिटून निवडले, ओल्या फडक्यात गुंडाळले आणि फडकं ताटलीत घालून खिडकीशी ठेवलं.

“यातलं काही उगवलं तर उरलेल्यांत जीव आहे,” ती म्हणाली. “नाही उगवलं तर शिजवून खाऊ. शेवटचं.”

एल्फेजचा ट्रक तीन दिवस बंद होता, दोषनोंदीची शिक्षा. त्यामुळे त्याला ताटलीकडे बघत बसायला भरपूर वेळ मिळाला. पहिल्या दिवशी त्याने फडकं पाच वेळा उघडलं. ऑदिलने त्याच्या बोटांवर चमचा मारला. चौथ्या दिवशी दाणे फुगले, पण मेलेले दाणेही फुगतात, असं तिने सांगितलं. पाचव्या दिवशी काही नाही. सहाव्या दिवशी एक दाणा बुळबुळीत होऊन फुटला आणि ऑदिलने तो बाहेर फेकला. त्या रात्री एल्फेजला झोप लागली नाही. तीस वर्षांत त्याने लोकांची घरंच्या घरं पंज्याने उचलून नेली होती. लोक रस्त्याच्या कडेला उभं राहून बघायचे आणि तो त्यांना म्हणायचा, काळजी करू नका, आम्ही सगळं साफ करतो. आता त्याला वाटलं, त्यातल्या कोणाकोणाच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात काय होतं, हे आपण एकदाही विचारलं नाही.

नवव्या दिवशी दुपारी अर्नेस्टीनबाई आल्या. दोषनोंदीच्या अर्जाची एक प्रत एल्फेजच्या सहीसाठी राहिली होती; तारीख त्याने तरीही चुकीची घातली होती. ऑदिलने कॉफी ठेवली. क्लोव्हिस छपराचा कोपरा बसवायला आलेला होता, तोही खाली उतरला. सगळ्यांच्या देखत ऑदिलने ताटली टेबलावर आणली आणि फडक्याची घडी उलगडली.

एका दाण्याच्या पोटातून पांढरं टोक बाहेर आलं होतं, तांदळाएवढं. तिने बोटाने दुसरा वळवला. त्यालाही. तिसरा. मग पलीकडे चौथा.

क्लोव्हिसने नाक ओढलं आणि म्हणाला की छपरावर धूळ फार आहे.

“दहापैकी चार,” अर्नेस्टीनबाई चष्मा खाली ओढत म्हणाल्या. “चाळीस.”

ऑदिल उठली, कपाटातून चार रिकाम्या बरण्या काढून आणल्या आणि एकेक पुसू लागली. एक रोझेलची. एक क्लोव्हिसची. एक बाईंपुढे ठेवली. पुन्हा कधी सगळं बी एका घरात राहणार नव्हतं. चौथी तिने एल्फेजकडे सरकवली.

“ही ट्रकमध्ये ठेव,” ती म्हणाली. “तो तरी तू दाराबाहेर काढून टाकणार नाहीस.”

एल्फेजचं लक्ष अजून ताटलीतच होतं. तो नाक टेकेल इतका खाली वाकला होता.

“बाई,” तो म्हणाला, “जरा वाढवा की. तो कडेचा बघा. त्याचं साल तडकलंय.”

बाईंनी ताटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पिशवीतून निळी वही काढली, पान उघडलं, तारीख घातली.

“पंचेचाळीस,” त्या म्हणाल्या. “साल तडकल्याचे अर्धेच गुण.”